बोलेल त्याला दंड

माघी गणपती उरकले की माझ्याकडे शिमग्याची प्रकरणं यायला लागतात. रायगडात तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, फाल्गुन जवळ आला की गावकीने वाळीत टाकल्याची भानगड घेऊन माणसं येतात. तसं वर्षभर सोसलेलंच असतं. गावातला दुकानदार सामान देत नाही, तर तालुक्याहून आणतात. लग्नाला बोलावत नाहीत, तर जात नाहीत. पण शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि आपल्या दारावरून न थांबता पुढे जाते, ते काही केल्या पचत नाही. मुंबईहून पोरं आलेली असतात, अंगण सारवलेलं असतं, ओटीचं ताट तयार असतं. ढोल वाजत वाजत शेजारच्या घरी थांबतो, तिथून उठतो आणि सरळ पलीकडच्या आळीत जातो.

असाच एक पक्षकार. (दोन-तीन प्रकरणांचे तपशील मिसळून सांगते आहे. गाव ओळखू येऊ नये म्हणून.) पन्नाशीचा माणूस, थोडी शेती, थोडं सेंट्रिंगचं काम. त्याचा गुन्हा इतकाच की देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी दिल्यावर त्याने बैठकीत हिशोब मागितला. दिला नाही, तेव्हा पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा त्याला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आणि पुढच्या रविवारी मुंबई मंडळाची (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची) माणसं बोलावून बैठक भरवली. देवाची बदनामी केली म्हणून पंचवीस हजार दंड, आणि देवळात सगळ्यांसमोर पाच नारळ ठेवून माफी. त्याने नकार दिला.

"मॅडम, मी पैशाचं विचारलं, देवाचं कुठं काय बोललो?" तो मला म्हणाला.

त्याच्या पुतण्याने चोरून काढलेला एक फोटो त्याने दाखवला. शंभर पानी वही, निळी शाई, मास्तरकीचं वळणदार अक्षर. सदर इसमाशी व त्याच्या कुटुंबाशी कोणीही कसलाही संबंध ठेवू नये. जो कोणी बोलेल, घरी जाईल, सामान देईल वा घेईल त्यास रु. ५,००१ दंड. जो कोणी अशाची खबर देईल त्यास रु. ५०१ बक्षीस. खाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. दंडातसुद्धा वरचा एक रुपया शुभ म्हणून धरला होता, ते पाहून मला हसू आवरेना. पक्षकाराला ते आवडलं नसावं.

गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र आलं आणि आरोपींच्या वकिलांनी दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालवण्याआधीच सोडून द्या म्हणणारा, अर्ज टाकला. तालुक्याच्या कोर्टात असा अर्ज म्हणजे साधारण छापील मजकूर असतो. पण हे गृहस्थ अभ्यास करून आले होते. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल काढला आणि म्हणाले, हा देवस्थानाचा अंतर्गत धार्मिक मामला आहे, संविधानाच्या कलम २६ ने धार्मिक संप्रदायाला आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या हक्कात माणसाला बाहेर काढणंही येतं असं खुद्द सर्वोच्च न्यायालय म्हणतं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढची तारीख मागितली. त्या निकालाला दोन वाक्यांत उडवून लावता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

तो निकाल आपल्या मुंबईच्याच एका कायद्यावरचा आहे. १९४९ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. कोणत्याही समाजाने आपल्या माणसाला बहिष्कृत केलं आणि त्यामुळे दिवाणी दाव्याने मिळू शकणारे त्याचे हक्क हिरावले गेले, तर तो बहिष्कार रद्द समजायचा, आणि करणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. दाऊदी बोहरा समाजाचे ५१ वे दाई म्हणजे धर्मप्रमुख, सय्यदना ताहेर सैफुद्दीन, यांनी त्याला आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयात छगला मुख्य न्यायमूर्ती असताना कायदा टिकला होता. सर्वोच्च न्यायालयात तो ९ जानेवारी १९६२ ला चार विरुद्ध एक अशा मताने पडला. चारांत आपले विदर्भातले न्यायमूर्ती मुधोळकरही होते.

बहुमताचं म्हणणं साधं होतं, आणि ते उगाच खोडून काढण्यासारखं नाही. संप्रदाय एका श्रद्धेवर उभा असतो. जो ती श्रद्धा मानत नाही, तिची शिस्त पाळत नाही, त्याला बाहेर काढण्याचा अधिकारच काढून घेतला तर संप्रदाय टिकणार कसा? धार्मिक कारणाने केलेल्या बहिष्काराने कुणाचे दिवाणी हक्क गेले म्हणून तो बहिष्कार धर्माच्या कक्षेबाहेर जात नाही. १९४९ च्या कायद्याने धार्मिक कारणाचा बहिष्कारही बंद केला, म्हणून तो घटनाबाह्य.

एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा विरोधात गेले. ते म्हणाले, बहिष्कृत माणसाची स्थिती त्याच्या समाजात अस्पृश्यासारखी होते, आणि अस्पृश्यता तर कलम १७ ने गाडून टाकली आहे. मशिदीत जायचं नाही, समाजाच्या कब्रस्तानात जागा मिळायची नाही, याला निव्वळ धार्मिक बाब म्हणून सोडून देता येणार नाही.

पुढची गोष्ट सांगताना मला आमच्या व्यवस्थेची लाज आणि गंमत दोन्ही वाटतं. बोहरा सुधारकांनी १९८६ मध्ये त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून याचिका केली. १९७० च्या दशकात उदयपूरपासून सुधारकांचा वाद पेटला होता, निवृत्त न्यायमूर्ती नाथवानींच्या नागरी समितीने त्यांच्या तक्रारी ऐकून अहवाल दिला होता, असगर अली इंजिनिअरांसारखी माणसं मुंबईत बसून लिहीत होती आणि त्याची किंमत मोजत होती. पण याचिका अडकली ती भलत्याच प्रश्नावर. पाच न्यायमूर्तींचा निकाल तपासायला किती न्यायमूर्ती लागतात? त्यावर २००४ मध्ये घटनापीठाने निकाल दिला आणि आज कायद्याची पोरं हे प्रकरण वाचतात ते पीठातल्या न्यायमूर्तींच्या संख्येवरचा दाखला म्हणून. बहिष्कृताचं काय, हे त्यात शोधावं लागतं. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती कौल यांच्या पीठापुढे ते पुन्हा निघालं. पीठाने विचारलं, महाराष्ट्राने आता २०१६ चा नवा कायदा केला आहे, मग या याचिकेत काही उरलं आहे का? दोन्ही बाजू म्हणाल्या असतील तितकं म्हणाल्या आणि १० फेब्रुवारी २०२३ ला प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे, शबरीमला मंदिरप्रवेशाच्या प्रश्नांबरोबर, गेलं. मूळ याचिका केली तेव्हा मी कॉलेजात जायला लागले होते.

आता तो २०१६ चा कायदा. त्याच्या मागे २०१३ पासूनची चळवळ आहे. नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा तिच्या बापानेच खून केला, त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. मोहीम थांबली नाही. रायगडातून तर वाळीत टाकल्याच्या तक्रारींची रीघ लागली होती. तोवर आम्ही वकील आणि पोलीस मिळून भारतीय दंड संहितेतली कलमं जुळवत बसायचो. धमकी, खंडणी, कट, काहीतरी बसवायचं. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून तो ३ जुलै २०१७ ला लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. कायद्याने पंचायतीचं नाव काय, ती नोंदलेली आहे की नाही, हे बघायचं सोडून दिलं, हे फार बरं झालं. आमच्याकडे कुणी स्वतःला जातपंचायत म्हणवून घेत नाही. गावकी, ग्रामस्थ मंडळ, उत्सव समिती, काहीही म्हणतात.

बहिष्काराचे प्रकार त्यात ओळीने दिले आहेत. लग्न, मयत, धार्मिक विधी यांपासून अडवणं. देऊळ, समाजमंदिर, स्मशान, पाणवठा वापरू न देणं. धंदा तोडणं, येणं-जाणं तोडायला लावणं. वाचताना वाटतं, मसुदा करणारा कुणी तरी कोकणातल्या एखाद्या बैठकीत मागे बसून गेलेला असावा. पण आमच्या वकीलसाहेबांचा प्रश्न उरतोच. धार्मिक विधीपासून अडवणं हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १९६२ च्या निकालाने धार्मिक कारणाचा बहिष्कार हा संप्रदायाचा हक्क आहे. मग नारळ ठेवून माफी माग म्हणणारी गावकी कुठे बसते?

पुढच्या तारखेची तयारी करताना मी बाहेरच्या देशांत काय झालं ते वाचत बसले. तालुका कोर्टात कॅनडाचा निकाल दाखवून काही होत नसतं, मॅजिस्ट्रेट साहेब चष्म्यावरून बघतात. पण मला स्वतःला समजून घ्यायचं होतं.

कॅलगरी शहरात वॉल नावाचा एक इस्टेट एजंट होता, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचा. (आपल्या वकिलांना हा पंथ माहीत आहे तो केरळच्या शाळेतल्या मुलांच्या राष्ट्रगीताच्या खटल्यामुळे, १९८६ चा.) दारू पिऊन बायकोला लागेल असं बोलल्याच्या कारणावरून पंथाच्या वडीलधाऱ्यांनी त्याला २०१४ मध्ये बाहेर काढलं. बाहेर काढलेल्याशी पंथाच्या लोकांनी संबंध ठेवायचे नसतात. त्याचं साधारण निम्मं गिऱ्हाईक पंथातलंच होतं. ते गेलं, धंदा बसला. तो कोर्टात गेला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०१८ ला एकमताने सांगितलं की आम्ही यात पडणार नाही. त्याचा पंथाशी कुठला करार नव्हता, मालमत्तेचा हक्क बुडाला नव्हता, आणि पंथाचं सदस्यत्व टिकवून देणं हे कोर्टाचं काम नाही.

वाचताना मी पहिल्यांदा चिडले. मग विचार केला, कोर्ट काय हुकूम देणार होतं? अमक्याकडूनच घर विकत घ्या म्हणून? माझ्या धर्मातून गेलेल्या माणसाशी मला बोलायचं नसेल तर मला बोलायला लावणारा कायदा मला तरी नको आहे. मी स्वतः दोन नातेवाइकांशी बोलत नाही आणि त्यांनी त्यावरून केस करू नये अशी माझी अपेक्षा आहे.

बेल्जियममध्ये उलटं घडलं आणि पुन्हा सुलटं झालं. गेंट शहरातल्या फौजदारी न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये याच पंथाला, बाहेर पडलेल्यांशी संबंध तोडायला शिकवतात म्हणून, ९६,००० युरो दंड केला. जून २०२२ मध्ये अपिलात पंथ निर्दोष सुटला. नॉर्वेने दंड वगैरे केला नाही, पैसा बंद केला. तिथे सरकार नोंदणी झालेल्या धर्मसंस्थांना अनुदान देतं. २०२२ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांचं अनुदान आणि मग नोंदणी रद्द केली. कारण असं की बाहेर पडलं तर घरचेही तोडतात ही भीती असेल, तर माणूस धर्म सोडायला मोकळा कुठे राहिला? शिवाय अल्पवयीन पोरांनाही हा नियम लागू होतो. ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सरकारची बाजू घेतली, अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये पंथाची.

नॉर्वेच्या सरकारचा युक्तिवाद मला अर्धा पटतो. धर्मस्वातंत्र्यात धर्म सोडण्याचं स्वातंत्र्य आलंच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण सोडणाऱ्याच्या वाट्याला आलेल्या दुःखाचं माप घेऊन गुन्हा ठरवायला गेलं की कोर्टं अशीच हेलकावे खाणार. दुःख तर कॅलगरीच्या एजंटालाही झालं आणि माझ्या सेंट्रिंगवाल्यालाही.

वहीचा तो फोटो मी पुन्हा झूम करून पाहिला आणि मला जाणवलं की त्या ठरावात माझ्या पक्षकाराला उद्देशून एकच ओळ आहे. बाकी सगळा ठराव इतरांसाठी आहे. बोलेल त्याला दंड, खबर देईल त्याला बक्षीस. आपण सगळे १९६२ पासून बाहेर काढलेल्याकडे बघत बसलो आहोत, त्याला काढण्याचं कारण धार्मिक होतं की सामाजिक, हे शोधत. त्याच्याशी बोलू पाहणाऱ्याकडे कुणी पाहतच नाही. त्याने काय केलंय? त्याने श्रद्धा सोडलेली नाही, हिशोब मागितलेला नाही, देवाची बदनामी केलेली नाही. तरी त्याच्यावर पाच हजारांची टांगती तलवार आहे. एखाद्याने आपण होऊन तोंड फिरवलं तर तो त्याचा हक्क. बोललास तर दंड, असं सांगून तोंड फिरवायला लावलं की तिथे संप्रदायाचा कलम २६ मधला हक्क संपतो, असं माझं मत झालं आहे. पुस्तकात हे असं कुठे लिहिलेलं नाही. हे माझं मत आहे.

जुनी उदाहरणं या नजरेने पाहिली की सगळीकडे हा दुसरा माणूस दिसायला लागतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा दापोलीजवळच्या त्यांच्या मुरुडकरांनी बैठक भरवून त्यांना वाळीत टाकलं. ते गावी आले आणि घरात उतरले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं, असा तो निर्णय होता. आईने लेकाला घरात घ्यायचं की नाही हे गावाने ठरवलं. त्याआधी तीनच वर्षं पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं होतं. त्यात टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानडेही शेवटी प्रायश्चित्त घ्यायला तयार झाले. पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश झालेल्या माणसाला का झुकावं लागलं असेल? त्यांना स्वतःला बहिष्काराने फारसा फरक पडला नसता. त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्या मित्रांची, नातलगांची कोंडी होत होती. इंग्रजांचं कोर्ट तर अशा वेळी हात झटकून मोकळं. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनपासून जातीच्या प्रश्नात कोर्टांनी पडायचं नाही असाच दंडक होता. १८५० च्या कायद्याने जात गेली तरी वारसाहक्क जाणार नाही एवढं मान्य केलं, बाकी तुमचं तुम्ही बघा.

आणि महाड. ते तर आमच्याच जिल्ह्यात. १९२७ च्या सत्याग्रहानंतर महाड परिसरात अस्पृश्यांना मारहाण झाली आणि बहिष्कारही पडला. डॉ. आंबेडकरांना बहिष्कार हे हत्यार किती धारदार आहे हे ऐकीव माहितीवरून कळलं नव्हतं. दलित-आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते आणि दलितांना दाबायला सामाजिक बहिष्कारासारखं परिणामकारक हत्यार दुसरं नाही, असं त्या समितीने १९३० च्या अहवालात नोंदवलं. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी त्यांनी जे निवेदन तयार केलं, त्यात ब्रह्मदेशच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून तरतुदी घेतल्या. त्यात गुन्हे वेगवेगळे होते. बहिष्कार टाकणं हा एक, बहिष्काराला चिथावणी देणं दुसरा, आणि बहिष्काराची धमकी देणं तिसरा. हे वाचताना मी टेबलावर हात आपटला. धमकी! नव्वद टक्के खेळ धमकीवर चालतो, प्रत्यक्ष दंड फार थोड्यांना भरावा लागतो. त्या तरतुदी संविधानात आल्या नाहीत. पुढे अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींपुरता बहिष्कार गुन्हा ठरला. बाकीच्यांना २०१६ उजाडावं लागलं.

तर पुढच्या तारखेला मी हाच युक्तिवाद केला, जरा कायद्याच्या भाषेत. १९६२ चा निकाल धार्मिक संप्रदायापुरता आहे. गावातलं ग्रामस्थ मंडळ हा संप्रदाय नव्हे, त्याला स्वतःची श्रद्धा नाही, ग्रामदेवता सगळ्या गावाची आहे. हिशोब मागणं हे धार्मिक पतन नव्हे. आणि समजा असलं, तरी तिसऱ्या माणसाला दंड ठोठावण्याचा आणि खबऱ्याला बक्षीस देण्याचा अधिकार कुठल्या धर्माचा भाग आहे ते समोरच्यांनी दाखवावं. वहीचं पान मी मोठं करून छापून नेलं होतं. "पाच हजार एक" असं मी दोनदा वाचून दाखवलं. अर्ज फेटाळला गेला.

पालखीचं मात्र मला उत्तर सापडलेलं नाही. देवाची पालखी कुणाच्या दारी न्यायची हे मानकरी, गुरव, गावकी ठरवणार. तो धार्मिक विधी आहे, यात शंका नाही. कोर्टाने पालखीचा मार्ग आखून द्यावा असं मला वाटत नाही. पोलीस बंदोबस्तात पालखी दारात आणवली तर ओटी भरणाऱ्या बाईच्या मनाला त्याने काय समाधान मिळणार? दुसरीकडे २०१६ चा कायदा स्पष्ट म्हणतो की धार्मिक विधीत भाग घेण्यापासून अडवणं हा गुन्हा. माझ्या कसोटीने पाहिलं तर पालखी वळवणारे भोई आपल्या मर्जीने वळवत होते की भीतीने, असं विचारावं लागेल. एका भोयाने मला बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलं, "ताई, दोन पावलं त्या दाराकडे टाकली असती तर पुढच्या वर्षी खांदा माझा नसता." जबाबात हे लिहून द्याल का म्हटल्यावर त्याने चहाचे पैसे दिले आणि गेला.

खटला पुढे चालला तो तसाच, माणसांच्या तोंडावर. गिरणीवाल्याला सरकारी वकिलांनी विचारलं, यांचं दळण का घेतलं नाही? तो म्हणाला, गिरणी बिघडली होती. किती दिवस? बरेच दिवस. बाकीच्यांचं दळण कसं झालं मग? साहेब, मधे मधे चालू व्हायची. कोर्टात हशा पिकला, मॅजिस्ट्रेट साहेबांनी रागावून गप्प केलं. गिरणीवाला फितूर म्हणून जाहीर झाला. मला त्याचा राग आला नाही. त्याची सगळी गिऱ्हाइकं त्याच वहीत सही करणारी.

शेवटी, कोर्टाच्या परवानगीने प्रकरण आपसात मिटलं. ठराव रद्द केल्याचं त्याच वहीत, त्याच अक्षरात लिहून आणलं. नारळ ठेवायचे की नाही यावर मात्र चार तास गेले. गावकीचं म्हणणं, देवापुढे नारळ ठेवायला काय हरकत आहे? पक्षकाराचं म्हणणं, नारळ मी दर शिमग्याला ठेवतोच, पण माफीचा ठेवणार नाही. मी आणि समोरचे वकील बाहेर वडापाव खाऊन आलो तरी तेच चाललेलं. अखेर दोन्ही बाजूंनी मिळून एक नारळ ठेवावा, कुणी कुणासाठी ठेवला ते लिहायचं नाही, असं ठरलं. जीर्णोद्धाराचा हिशोब अजून आलेला नाही.

यंदाही फोन सुरू झाले आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी ठरावाच्या वहीचा फोटो मिळत असेल तर आणावा, ग्रुपमधून काढल्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, दंड भरला असेल तर पावती (बहुधा ‘देणगी’ म्हणून फाडलेली असते) जपून ठेवावी. पोलीस ठाण्यात अर्ज देताना २०१६ च्या कायद्याचं नाव घालायला विसरू नका, नाहीतर नुसती अदखलपात्र नोंद होऊन हातात कागद येतो. आणि जो कुणी चोरून का होईना तुमच्याशी बोलतो आहे, त्याचं नाव मला एकटीलाच सांगा, कागदावर लिहू नका. त्याचा जबाब कधी आणि कसा घ्यायचा ते मी बघते.